पाटी नव्हती, पत्ते होते

मावशी, आधी एक दुरुस्ती करते. तुझ्या आठवणींच्या पुस्तिकेत माझं जे पान जाणार आहे, त्यात मी लिहिलंय की शाळेत जायच्या आधी तू मला पाटीवर अंक शिकवलेस. ते खरं नाही. पाटी नव्हतीच. तू मला अंक पत्त्यांवर शिकवलेस, तुझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून, कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत एक डाव या हिशोबानं. त्या कॅटातली किलवरची चव्वी हरवली होती आणि तिच्या जागी तू कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून घातला होतास, ज्याच्या पाठीवर अर्धा गणपती होता. बेरीज मी दश्शी आणि तिर्रीवर शिकले, वजाबाकी हातात उरलेल्या पानांवर. हे सगळं मला स्वच्छ आठवत होतं आणि तरी मी पाटी लिहिली.

तुला जाऊन एक तप झालं म्हणून आईनं ही पुस्तिका काढायची ठरवलीय. बारा-चौदा पानांची, नात्यातल्या लोकांना आणि अमरगोळच्या मार्केट यार्डातल्या तुझ्या जुन्या सहकाऱ्यांना द्यायला. माझं पान लिहिताना मी तीनदा ‘पत्ते’ हा शब्द लिहिला आणि तीनदा खोडला. का, ते तुला सांगायला नको. तुमचे वडील संध्याकाळी क्लबात पत्ते खेळत बसायचे आणि त्यांना जेवायला बोलवायला तुम्हा दोघी बहिणींना पाठवलं जायचं. आई सांगते, ती दाराबाहेर उभी राहायची, पाय दुखेपर्यंत, कारण आत हाक मारायची तिला लाज वाटायची. तू आत जायचीस आणि त्यांच्या खुर्चीमागं उभी राहून डाव संपेपर्यंत बघायचीस. एकाच दारातून एक बहीण खेळ शिकून आली आणि एक बहीण त्या खेळाचं नावही न काढायचं ठरवून आली. आमच्या घरात आजही पत्ते नाहीत. उणकलच्या नव्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा पाहुण्यांतल्या कुणी तरी कॅट काढला, तर आईनं हसत हसत त्यांच्यापुढं चिवड्याची परात आणून ठेवली आणि तो कॅट उचलून परत त्यांच्याच पिशवीत घातला.

म्हणून पाटी. मला वाटलं, एका शब्दानं काय होतंय. आईनं माझं पान वाचलं आणि ती रडली. म्हणाली, “तिनं तुला पाटीवर शिकवलं हे मला माहीतच नव्हतं गं. कुठंय ती पाटी? पुस्तिकेत तिचा फोटो घालू या की.” मी म्हटलं, आता कुठली असायला. त्यावर ती दोन दिवस तुझ्या ट्रंका उपसत बसली. गुडघा दुखत असताना माळ्यावर चढली. मी फोनवर नको नको म्हणत होते, पण नव्हतीच असं म्हणत नव्हते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची एक जुनी पाटी आणून दिली, लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेली, आणि आईनं मला तिचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “अशीच होती ना?” मी हो लिहिलं. आता त्या काकूंच्या पाटीचा फोटो तुझ्या नावाखाली छापला जाणार आहे आणि आमच्या नात्यातली पोरं उद्या म्हणणार आहेत, ही बघा, हीच ती पाटी.

शाळेच्या फाटकाशी पोचलं की मला उलटी व्हायची, हे त्या पानात लिहिलंय आणि ते खरं आहे. आई स्वतः मास्तरीण. दुसऱ्यांच्या शंभर पोरांना शिकवून घरी यायची आणि स्वतःची पोर शाळेच्या फाटकातून परत आलेली असायची. तिला लोक काय काय बोलले असतील ते मला आता कळतं. तेव्हा तूच म्हणालीस, “दे माझ्याकडं. जाऊ दे दोन वर्षं, काय बुडतंय.” आणि मी तुझ्याबरोबर सिटी बसनं अमरगोळला येऊ लागले. तुझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसलेय, मिरचीच्या पोत्यांमुळं शिंका आवरत नाहीत, आणि समोर ती कुलूपबंद लोखंडी पेटी, जिच्यात व्यापारी आपापल्या भावाच्या चिठ्ठ्या टाकतात. दुपारी पेटी उघडायची, ज्यानं जास्त लिहिलं त्याला माल. एक जाडे व्यापारी रोज पेटी उघडायच्या आधी तुझ्याजवळ यायचे आणि हसत विचारायचे, “एष्ट बरदानरि अक्का?” म्हणजे समोरच्या व्यापाऱ्यानं किती भाव लिहिलाय. तूही हसून म्हणायचीस, “चिठ्ठी पेटीत आहे अण्णा, पेटीला विचारा.” ते पेटीवर टकटक करून कान लावायचे आणि सगळं ऑफिस हसायचं.

एक दिवस घरी जाताना बसमध्ये मी तुला विचारलं की तुला खरंच माहीत नव्हतं का. माहीत असतं तर तू त्यांना खोटं सांगितलंस, असं माझं म्हणणं. त्या वयातही मी अशीच होते, एका शब्दावरून आठवडाभर झोप उडवून घेणारी. तू म्हणालीस, “चिठ्ठी झाकलेली आहे हे त्यांनापण ठाऊक, मलापण ठाऊक. मी झाकलेलं झाकलेलं ठेवलं. वेगळंच काही तरी सांगितलं असतं तर ते खोटं.” मला ते पूर्ण कळलं नाही, पण त्या रात्री मी झोपले हे आठवतंय.

तू मला रागावलीस ती एकदाच. आपण रमी खेळत होतो आणि तुझ्या हातातला तो अर्ध्या गणपतीचा पुठ्ठा मला समोरून दिसत होता. तुझ्याकडं चव्वी आहे हे कळल्यावर मला वाटलं, आता जिंकले तर ती चोरी. म्हणून मी मुद्दाम वाईट पान टाकलं आणि हरले. तू पानं खाली ठेवलीस. कुकरची शिट्टी झाली तरी उठली नाहीस. “दिसलं तर दिसलं म्हणायचं,” तू म्हणालीस, “आपण परत वाटू. पण मुद्दाम हरलीस तर मी कुणाशी खेळत बसलेय? भिंतीशी?” मी रडायला लागले. तेव्हा तू म्हणालीस, “बिडु, बिडु,” सोड आता, आणि मला पानं पिसायला दिलीस, जी माझ्या हातातून फरशीभर पसरली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी शाळेत गेले तेव्हा माझ्या कंपासपेटीत तू बदाम सत्ती ठेवली होतीस. बदाम सातच्या खेळात ती ज्याच्याकडं असते त्यानं सुरुवात करायची असते, म्हणून. त्या दिवशी उलटी झाली नाही. मी वर्गात बसले आणि माझी पाळी आली तेव्हा उभं राहून माझं नाव सांगितलं.

मी तेव्हा तुला विचारलं होतं, आईला सांगायचं का. तू म्हणालीस, तिनं विचारलं तर सांग, मीपण सांगेन. आईनं कधी विचारलं नाही. मी शाळेत जाऊ लागले एवढंच तिला पुरलं.

आता माझं सांगते. मी सप्तापूरला खोली घेऊन राहते, विद्यापीठात संख्याशास्त्रात संशोधन करते, आणि दुपारी चहाच्या वेळी फोनवर पोकर खेळते. पोकर म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मधे पाच उघडी, आणि आपली पानं चांगली की वाईट हे समोरच्याला न कळू देता डाव पुढं न्यायचा. पूर्वी अगदी खालच्या टेबलावर, एका चहाच्या पैशांत दुपार जाईल असं खेळत होते. कायद्यानं पैशांची टेबलं बंद केली तेव्हापासून नुसत्या फुकटच्या चिप्सवर खेळते, आणि खरं सांगू, मला काही फरक पडला नाही. मला आवडतं ते वाट बघणं. दहापैकी आठ डाव पानं टाकून द्यायची, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. बाहेर सगळीकडं मी बोलायच्या आधी वाक्य चारदा तपासते, ईमेल पाठवून झाल्यावर परत उघडून वाचते. इथं वीस सेकंद मिळतात, तेवढ्यात ठरवायचं, आणि चुकलं तर चुकलं. हे मला जमतं हे मी कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. तुझा बसला असता.

तरी खोड जात नाही. मागच्या महिन्यात एका खेळाडूचं नेट गेलं, त्याची वेळ संपली आणि तो डाव मला फुकट मिळाला. मला चैन पडेना. पुढच्या डावात माझ्याकडं तीन राण्या असताना मी त्याच्यापुढं पानं टाकून दिली, आणि टाकताना उघडी करून दाखवली, म्हणजे त्याला कळावं की फिटंफाट झाली. त्यानं रोमन अक्षरांत हिंदीत लिहिलं, की ताई, भीक नको, खेळायचं तर नीट खेळा, नाही तर मी दुसरं टेबल बघतो. मी फोन उलटा ठेवला. सप्तापूरच्या त्या खोलीत मला कुकरची शिट्टी ऐकू आल्यासारखं झालं. मग मी त्याला लिहिलं, चूक झाली. पुढच्या तासाभरात त्यानं मला तीनदा हरवलं आणि एकदा मी त्याला, काहीही हातात नसताना. इतकं हसू मला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

आईनं एकदा फोनमध्ये ते टेबल पाहिलं होतं. काय गं हे, तिनं विचारलं. मी म्हटलं, अभ्यासाचं आहे, संभाव्यतेचं. ती म्हणाली, बरं, आणि भाजी निवडायला बसली. तिनं विचारलं होतं, मावशी. तू म्हणाली होतीस विचारलं तर सांग, आणि तिनं अगदी सरळ विचारलं होतं. मी काही झाकून ठेवलं नाही, मी वेगळंच काही तरी सांगितलं. पाटी त्याच्यानंतरची. एकदा केलं की दुसऱ्यांदा हात अडखळत नाही.

मला भीती आई रागावेल याची नाही. ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग उपमा करून हाक मारेल. भीती याची आहे की ज्या बहिणीवर तिचा सगळ्यात जास्त भरवसा होता ती आपल्या लेकीला पत्ते शिकवत होती, हे तिला आता कळेल, जेव्हा भांडायला तू नाहीस. आणि तरी मी रोज तोच विचार करून त्याच ठिकाणी येते. पुस्तिकेतली ती पाटीवाली बाई कुणीही असू शकते. चांगली, शांत, सगळ्यांच्या मावशीसारखी. तिनं मला शाळेत पाठवलं नसतं. मला वर्गात बसवलं ते क्लबात खुर्चीमागं उभं राहून डाव बघणाऱ्या मुलीनं, आणि तिला मी माझ्या हातानं खोडलंय. आईला तिची बहीण हवी असेल तर तीच द्यायला हवी.

नवं पान मी लिहून ठेवलंय. त्यात चव्वीचा पुठ्ठा आहे, भिंतीशी खेळण्याचं आहे, पेटीला कान लावणारे अण्णा आहेत. पोकरचं एक वाक्य होतं ते मी काढलं, कारण ते पुस्तिकेत नाही, आईला तोंडानं सांगायचं आहे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे तुला माहीतच आहे. मी ते तुला कमी आणि आईसमोर बोलायची तालीम म्हणून जास्त लिहिलंय, एवढं कबूल करते. पानं शुक्रवारी छापखान्यात जाणार. मी मंगळवारी रात्रीच उणकलला मुक्कामाला जाईन आणि सकाळी तिची पूजा आटोपली की सांगेन. चहा झाल्यावर असं ठरवलं तर मी दुपारवर ढकलेन, मला माझं माहीत आहे. म्हणून चहाच्या आधी. बुधवारी.