दहा हिरव्या ओळी

प्रिय ताई,

तुझ्या मावशीकडून, म्हणजे माझ्या आईकडून, तुझी खबर कळत असते. घरी शिकवण्या घेतेस आणि मुलं टिकून आहेत, असं ती म्हणते. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय तेही सॉफ्टवेअरच्या लायसन्सबद्दल. हसशील, पण वाच.

गेले नऊ दिवस मला एकच काम आहे. कार्यशाळेच्या सर्व्हरांच्या बॅकअपचं सॉफ्टवेअर बदलायचंय आणि नव्याची लायसन्स किती लागतील ते ठरवायचंय. एक कंपनी म्हणते प्रोसेसर मोजा, दुसरी म्हणते सर्व्हर मोजा, तिसरीला माणसं मोजून हवीत. आपल्याकडे मशीन तीनच, पण त्यांच्या पोटात सर्व्हर अकरा, एकेका घरात तीन-चार बिऱ्हाडं राहावीत तसे. विक्रेत्याला विचारलं की तो माहितीपत्रक पाठवतो. त्यात तळटीप, आणि तळटिपेलाही तळटीप. त्याचं त्यालाच कळलेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? साहेब रोज दारातून डोकावून विचारतात, आकडा झाला का. थकलोय गं. मान, डोळे, सगळंच.

इथलं बाकी तसंच आहे. प्लास्टरची भुकटी अजून कीबोर्डात जाते. तयार झालेले कृत्रिम पाय भिंतीशी रांगेत उभे असतात आणि मापं घेणारे काका अजूनही आधी घरच्यांची चौकशी करतात, मग टेप काढतात. तुझ्या खुर्चीवर मी प्रिंटरच्या कागदांचे गठ्ठे ठेवलेत, म्हणजे तिथे कुणी बसत नाही.

मापांचा सर्व्हर बंद पडला ती सकाळ तू विसरली नसशील. बॅकअप उघडला तर शेवटच्या पाच आठवड्यांची मापं आत नव्हतीच. बासष्ट माणसांना कुबड्या घेऊन पुन्हा यावं लागलं. तू प्रत्येकाला दारापासून हात धरून आत आणलंस, प्रत्येकाची माफी मागितलीस. रोजच्या अहवालावर सही तुझी, म्हणून खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. अहवालात सगळं हिरवं होतं, एवढंच तू सांगत राहिलीस. साहेबांना वाटलं, न बघताच सह्या ठोकल्यास. घरीही कुजबुज झाली. पोरगी हुशार पण धांदरट, असं आई जेवताना म्हणाली. मी समोरच बसलो होतो. मी आणखी भात वाढून घेतला.

अहवाल खरंच हिरवा होता, ताई. बॅकअपच्या यादीतून काढलेला सर्व्हर अहवालात लाल दिसत नाही, तो दिसतच नाही. त्यात नावं नसायची, नुसते क्रमांक. तू रोज दहा ओळी मोजायचीस आणि त्या रोज दहाच भरायच्या.

आपली लायसन्स दहाच होती, एका सर्व्हरला एक. नवा अकरावा सर्व्हर तपासायला मला जागा हवी होती, म्हणून यादीतली मापांच्या सर्व्हरवरची खूण मी काढली. सोमवारी परत लावू म्हटलं आणि विसरलो. डिस्क गेली त्याच सकाळी मला आठवलं आणि मी तोंड उघडलं नाही. ही नोकरी मला तूच लावून दिली होतीस. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असते. नवं बसलं की ती पुसली जाणार. नऊ दिवस लायसन्स मोजतोय असं वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. आकडा तिसऱ्याच दिवशी निघाला होता. उरलेले सहा दिवस मी ती नोंद उघडत होतो आणि मिटत होतो. आज छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. एक प्रत या पत्रासोबत आहे, त्यावर तारीख, वेळ आणि माझं नाव आहे. आईला संध्याकाळी सांगणार आहे. तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. तू नीट बघत होतीस. हे तुला तीन वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते माहीत असलेला मी एकटाच होतो.

तुझाच,
धाकटा