न गोठलेल्या खाडीवरचा रस्ता

प्रति,
मा. विभागीय हवामान अधिकारी,
विभागीय हवामान कार्यालय (खाडीपलीकडे).

विषय : खाडीच्या बर्फावरून जाणारा हिवाळी ट्रकरस्ता सोमवारी उघडण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज (अनुत्तरित).
२) आपले पत्र, ‘तापमापक दुरुस्त करणेबाबत’.

महोदय,

१. अर्जदार ही आर्क्टिक किनाऱ्यावरील या हवामान केंद्राची एकमेव निरीक्षक आहे. हिवाळा लागला तरी यंदा खाडी धड गोठलेली नाही, हे तिने वारंवार कळवले. पालथ्या घड्यावर पाणी. उत्तराऐवजी नवा तापमापक आला. त्यानेही जुन्याइतकेच तापमान दाखवल्यावर आणखी एक आला. सध्या तिन्ही एकाच खांबावर टांगलेले असून त्यांचे एकमत आहे. मतभेद फक्त आपल्या कार्यालयाचा आहे.

२. समुद्रावरचा बर्फ म्हणजे भांड्यावरचे झाकण. खालची ऊब तो वर येऊ देत नाही. यंदा उन्हाळ्यात तो दूरवर वितळला. उघड्या पाण्याने पोटभर ऊन पिऊन घेतले आणि आता तीच ऊब ते हवेत सोडत बसले आहे. हवा उबदार म्हणून बर्फ धरत नाही, बर्फ धरत नाही म्हणून हवा उबदार. त्यामुळे येथील तापमान सरासरीच्या कितीतरी वर आहे. यात तापमापकाचा काय दोष? चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे.

३. आपल्या नियमानुसार सरासरीपासून फार तफावत असलेली नोंद ‘सदोष’ ठरते व तिच्या जागी जुनी सरासरीच भरली जाते. अशा रीतीने सरासरी स्वतःशीच तंतोतंत जुळते. त्याबद्दल या केंद्राला नुकतेच ‘तफावतमुक्त केंद्र’ असे प्रशस्तिपत्रही मिळाले. ते अर्जदाराने खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवले आहे. वारा थोडा कमी लागतो.

४. एवढ्यावर भागले असते तर तिने हसण्यावारी नेले असते. परंतु याच भरलेल्या आकड्यांवरून बर्फ पुरेसा जाड झाल्याचे ठरवून आपण रस्ता उघडत आहात. आदेशाच्या तळाशी आधार म्हणून अर्जदाराचे नाव आहे. जो आकडा तिने लिहिलाच नाही, त्याची ती साक्षीदार झाली आहे.

५. पहिला ट्रक सर्वांत जुन्या चालकाने न्यायचा असतो. तो चालक अर्जदाराचा नवरा आहे. तिने त्याला काठावर नेऊन बर्फात काठी खुपसून दाखवली; भोकातून लगेच पाणी वर आले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण नवऱ्याचे म्हणणे असे, की कागदावर तुझंच नाव आहे, मग घरात एक आणि हापिसात एक असं कसं बोलतेस. बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून तो दरवर्षीप्रमाणे ट्रकची दोन्ही दारे दोरीने उघडी बांधणार आहे. पण त्याचा उजवा गुडघा आता वाकत नाही. साहेब, अर्जदाराला फार भीती वाटते.

६. उंटावरून शेळ्या हाकणे सोपे असते, हे अर्जदार जाणून आहे. तरी आदेश रद्द करावा, आणि तिच्या नावाखाली तिनेच लिहिलेले तापमान ठेवावे, ही विनंती. सकाळपासून नवरा घरभर काहीतरी शोधत असून अर्जदाराशी बोलत नाही. म्हणून हा अर्ज आजच्याच टपाल विमानाने पाठवला आहे.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
निरीक्षक, किनारा हवामान केंद्र
दिनांक : सोमवारच्या आधीचा शुक्रवार

सोबत :
१) तिन्ही तापमापकांच्या नोंदींची प्रत.
२) ट्रकची चावी, व तिची जोडचावी. या टपालाने परत करू नयेत. आपण स्वतः, आपण उघडलेल्या रस्त्यानेच घेऊन याव्यात. अर्जदार काठावर उभी असेल. निघताना गाडीची दोन्ही दारे उघडी बांधावीत.