आजपर्यंत आला नाही

प्रति,
मा. निबंधक,
दस्त नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : खरेदीकरारातील अट क्रमांक सातची मुदत वाढवून मिळण्याबाबत (अर्ज घर घेणारीचाच आहे, विकणारीचा नाही).

संदर्भ : १) पाच वर्षांपूर्वीचा नोंदणीकृत खरेदीकरार.
२) आपल्या कारकुनांनी मंगळवारी दिलेला तोंडी नकार.

महोदय,

१. अर्जदार ही शाळांचे गणवेश शिवून देणारी बाई असून धाकट्या बहिणीसह वरील करारातील घरात राहते. विषय वाचून आपल्याला हसू येईल याची तिला कल्पना आहे. मंगळवारी चष्मेवाले कारकून म्हणाले, "अहो बाई, मुदत संपली की घर कायमचं तुमचं. लोक त्यासाठी देव पाण्यात घालून बसतात, आणि तुम्ही ती वाढवून मागताय?" शेजारच्या टेबलावरही हशा पिकला. अर्जदारही हसली, कारण खरे कारण तिच्या तोंडून निघेना. ते आता लेखी सादर करत आहे.

२. सदर घर एका वृद्ध बाईंचे होते. त्यांचा एकुलता एक मुलगा करारापूर्वी सहा वर्षे घरातून निघून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही, "जाऊन येतो" म्हणाला आणि गेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाईंनी वृद्धाश्रमात जायचे ठरवले आणि घर विकले, पण अट घातली : मुलगा पाच वर्षांच्या आत परत आल्यास करार रद्द होईल, घेणारीला किंमत परत मिळेल आणि तिने तीन महिन्यांत घर सोडावे. किल्ली त्याच्याकडे असल्याने दाराचे लॅच बदलायचे नाही. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घेणारीने कार्यालयात येऊन नोंदवहीत "आजपर्यंत आला नाही" असे लिहून सही करायची.

३. अर्जदाराला कायद्यातले ओ की ठो कळत नाही. दस्तलेखकाने तिला समजावले, की अशी अट म्हणजे करारातले "जर". ती घडेपर्यंत सगळे तुमचे, घडली की काहीच तुमचे नाही. आणि घडणे न घडणे हे घेणाऱ्याच्याही हातात नसते नि विकणाऱ्याच्याही, म्हणून तर ती चालते. मग त्यांनी बाईंना विचारले, "परत आला असं कधी म्हणायचं? निदान आठ दिवस राहिला तर, असं लिहू?" बाई म्हणाल्या, "तो कुठंच फार टिकत नाही हो. राहण्याची अट नका घालू. किल्लीनं दार उघडून आत आला, की आला." तसेच लिहिले गेले. अर्जदाराने त्याच घरात बसून सही केली तेव्हा तिचे लक्ष स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे होते.

४. अटीबरोबर राहणे म्हणजे काय, ते करारात लिहिलेले नाही. दारावर टकटक झाली की अर्जदार आधी खिडकीच्या फटीतून पाहून घेई. करारासोबत जोडलेला सदर मुलाचा (वय आता पंचेचाळीस) फोटो तिला पाठ झाला होता, आणि दरवर्षी ती मनातल्या मनात त्याचे थोडे केस पिकवत असे. भाजी घेताना, रांगेत, पुलावर ती पुरुषांचे चेहरे तपासू लागली. बहीण म्हणायची, "ताई, त्या माणसाला तू नवऱ्यासारखं शोधतेस आणि चोरासारखं भितेस." भिंतींना रंग दिला नाही. कशाला द्यायचा, असे वाटे. दुसऱ्या वर्षी बाई वारल्या. आश्रमाने ते अर्जदारालाच कळवले, कारण पत्त्याच्या रकान्यात बाईंनी अजून हेच घर लिहिलेले होते. कारकून म्हणाले, बाई गेल्या तरी अट जात नाही. अर्जदाराने पंचावन्न सह्या केल्या. त्या पंचावन्नही खऱ्या होत्या.

५. चार महिन्यांपूर्वी, बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास, बहीण कामावर गेलेली असताना अर्जदार आतल्या खोलीत मशीनवर बसली होती. इथून पुढे "अर्जदार" असे लिहून भागत नाही, क्षमा असावी. मी बसले होते. लॅचमध्ये किल्ली फिरली. बहिणीची किल्ली झटक्यात फिरते. ही अडखळत, आठवत आठवत फिरली. मी मशीनचे चाक तळहाताने धरून थांबवले. पावले आत आली आणि हाक आली, "आई?" मी चाकावरचा हात काढला नाही. "आई, मी आलोय गं." बाहेरच्या खोलीत गणवेशांचे गठ्ठे आणि भिंतीवर आमचे फोटो आहेत, तो ते पाहत असावा. मग माठातून पाणी घेतल्याचा आवाज झाला. तिसरी हाक त्याने मारली ती कुणाला ऐकू जावी म्हणून नव्हती. मग दार हळूच ओढून घेऊन तो गेला. मी आठ पावलांवर होते, मध्ये फक्त पडदा होता. एक शब्द बोलले असते तर घर गेले असते, म्हणून मी बोलले नाही.

६. त्यानंतरच्या सोमवारी मी "आजपर्यंत आला नाही" असे लिहून सही केली. कारकुनांनी मान वर करूनही पाहिले नाही. अशा एकूण चार खोट्या सह्या झाल्या आहेत. मला मूलबाळ नाही, तरी रोज दुपारी तीन वाजता मला घरात आई म्हणून हाक ऐकू येते. भुताखेताचे म्हणावे तर माणूस जिवंत आहे. मी स्टँडवर, लॉजमध्ये, इस्पितळात फोटो घेऊन फिरले. कुणी ओळखत नाही. आई गेली हे त्याला ठाऊक नाही. तिने हाक ऐकूनही उत्तर दिले नाही, असे समजून तो गेला असेल तर? ते तसे नव्हते, हे त्याला सांगू शकणारे माणूस मी एकटी आहे. बहिणीला सारे सांगितले तेव्हा ती दोन दिवस माझ्या हातचे जेवली नाही.

७. तरी विनंती, की अटीची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढवावी, म्हणजे तो पुन्हा आला तर घर त्याचेच असेल. नियमात ते बसत नसेल, तर अट त्या बुधवारीच पुरी झाली असे धरून करार रद्द करावा; मी तीन महिन्यांत घर सोडते. अट कुणाच्या हातात नसते असे दस्तलेखक म्हणाले होते. ती माझ्या हातात होती. येत्या सोमवारी मी कार्यालयात येईन, पण सही करणार नाही. माझ्या रकान्यात कारकुनांनी स्वतः एवढेच लिहावे : आला होता. तीनदा हाक मारली. घरात माणूस होते, कुणी ओ दिली नाही.

निर्णय होईल तो मान्य असलेली,

(सही)
अट क्रमांक सातखालील घर घेणारी
शुक्रवार, साठाव्या सहीच्या आधी

सोबत :
१) कराराची प्रत.
२) मुलाचा फोटो (पाहून परत करावा, शोधायला लागतो).
३) बहिणीचे संमतिपत्र. भाषा रागाची आहे, सही खरी आहे.