जमिनीखालची धग

कोरुम्बुरा, सोमवार

प्रिय मर्व्ह,

एवढ्या संसारात तुला कधी पत्र लिहायची वेळ आली नाही. तू कायम समोरच असायचास, तेही चिखलाच्या बुटांसकट सोफ्यावर. आता लिहितेय, कारण बोलून बोलून माझा घसा बसलाय.

गेल्या खेपेला इस्पितळात तपासणीच्या वेळी काय केलंस, आठवतंय? नाहीच आठवणार. तिथल्या लोकांनी पहाटे उठून खास तुझ्यासाठी औषध बनवलं. मेंदूत जिथे सूज असेल तिथे ते जाऊन चिकटतं आणि यंत्राला दिसतं. साठवून ठेवता येत नाही, बघता बघता त्यातला दम जातो. आणि तू? ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत टेबलावरून उतरलास ते थेट बाहेर. मी इस्पितळभर शोधतेय आणि स्वारी खाली सॉसेज रोल खात बसलेली! वर मलाच म्हणतोस, ‘नोलीन, कुठे हुंदडत होतीस?’ औषध गेलं वाया. त्या नर्ससमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी तरी काय वेगळं? गायी कधीच विकल्या, तरी तू पहाटे दूध काढायला निघतोस. किटली फ्रिजमध्ये सापडते. परवा मलाच विचारलंस, ‘बाई, तुम्ही कोण?’ मी चिडते, मग रडते, मग पुन्हा चिडते.

पण मर्व्ह, या तपासण्यांचं मी नाही, तूच ठरवलंयस. डॉक्टर पाउलाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, या संशोधनाचा फायदा तुम्हाला नाही, झाला तर पुढच्यांना. मी म्हटलं, चल घरी. तू मात्र खुर्ची पुढे ओढलीस. ‘अहो, हे तर आमचंच काम! वणवा विझला तरी मुळांत निखारे राहतात. हात उलटा करून जमीन चाचपत हिंडावं लागतं, नाहीतर पुन्हा भडका.’ गावच्या अग्निशमन पथकात जन्म घालवलेला माणूस तू. डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी तसंच, आम्ही मेंदूतली धग शोधतो. दिवसभर केवढा खूश होतास!

उद्या पुन्हा जायचंय. टेबलावर पडल्यावर तू उठायला लागलास की नर्स हे पत्र तुझ्या हातात देईल. माझं नाव विसरलास तरी पथकाचा नियम तू विसरत नाहीस: कप्तान सांगेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. उद्या कप्तान मी आहे. हलू नकोस. मी काचेपलीकडेच उभी आहे. सुटलास की सॉसेज रोल माझ्याकडून.

तुझीच,
नोलीन
(तुझी बायको. निळ्या स्वेटरमधली.)