सगळीकडे जेवलो, पोराचं सोडून

५ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार

हरला! पहिल्याच रेसला हरला माझा दोस्त इस्राएल! 'त्या काळ्या घोड्याची मान बघ, जॉशुआ, काय मान आहे!' मान घेऊन काय करतोस, पाय बघ, म्हटलं. काळा शेवटून दुसरा आला.

लाल समुद्रावरच्या एलातला सीझन लागला. सीझन कसला डोंबलाचा — गावाबाहेर रँचवाल्यानं वाळूत दोऱ्या बांधल्यात, दर शुक्रवारी सकाळी आठ-दहा घोडी पळवतो आणि ऊन खायला आलेले टूरिस्ट टाळ्या वाजवतात. महालक्ष्मीचं मैदान बघितलेल्या माणसानं हसावं की रडावं! पण घोडा तो घोडा. धावायला लागला की मी अजून दोरीला जाऊन चिकटतो.

पैसे लावायला इथे बंदी. म्हणून आमची बेट जेवणाची. हरेल त्यानं खिलवायचं, जागा जिंकलेल्यानं सांगायची, आणि हरलेल्यानं नाही म्हणायचं नाही. बंदरात दोघं क्रेनवर होतो तेव्हापासूनचा कायदा.

मी त्याला रुमान्याकडे नेलं, रुमानियातून आलेला म्हातारा आहे, बंदराच्या गेटासमोर. लसणाचे कबाब, कोबीचं लोणचं, थंड बिअर. म्हातारा अजून मला 'होदी', म्हणजे हिंदुस्थानी, अशीच हाक मारतो. इतकी वर्षं झाली, एकदा नाव विचारलं नाही लेकाच्यानं. पण कबाब असा की सगळं माफ.

परत येताना बारच्या गल्लीतून आलो. समोरच्या फुटपाथनं. लिओरच्या, आमच्या पोराच्या, बारमध्ये गर्दी होती की नाही, बघितलं नाही. म्हणजे बघितलं, पण इस्राएलला कळू दिलं नाही.

७ नोव्हेंबर, रविवार

युडिथ, माझी बायको, लिओरकडून आली. नातीला बघायला जाते म्हणते, येताना हातात डबा. झाकण उघडलं नाही तरी मला वास आला — खिम्याचे पॅटिस. आलं-कोथिंबीर भरपूर घातलेले, आमच्याकडे सणाला करतात तसे. हे तो बारमध्ये विकतो. बिअरबरोबर!

'एक खाऊन तर बघा.'

'भूक नाही.'

'अहो, पॅटिसनं काय घोडं मारलंय तुमचं?'

घोडं मारलंय तर! दोन वर्षांपूर्वी बार उघडला तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती. शुक्रवारी दिवस मावळला की दार लाव, शनिवारी उघडू नकोस. तर म्हणाला, 'आबा, हे टूरिस्टांचं गाव आहे. रविवारी इथे कोण येतं?' मी म्हटलं, शब्बाथला तुझं दार उघडं आहे तोवर माझा पाय तिथे लागणार नाही.

कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे. का? शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. आजूबाजूला एक यहुदी नाही, सांगायला रब्बी नाही, पुस्तक नाही, आपण कोण तेसुद्धा धड ठाऊक नाही — पण शनिवारी बैल सोडलेला! आणि इथे, आपल्याच देशात, तेल्याचा पणतू शनिवारी बिअर ओततो.

वर पाटी काय लावली? हिब्रूतली दोन अक्षरं. 'मी'. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण?' बापाला विचारतो, तू कोण! आणि मराठीत वाचलं तर नुसतं मी, मी, मी. दोन्हीकडून उद्धटपणा. हिब्रू शाळेत शिकला, उद्धटपणा कुठे शिकला कोण जाणे. युडिथ म्हणते, आरशात बघा.

रात्री डबा फ्रिजमध्ये होता. सोमवारी सकाळी बघितलं, रिकामा. मी नाही खाल्ले. तिनं शेजारी दिले असतील.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

परत जिंकलो. तांबडी घोडी, गुडघे कसे लोण्यासारखे. आज मोरोक्कन बाईकडे मासा. तिखट एवढा की इस्राएलच्या टकलावर घाम. बाई ओरडते, 'सगळं संपवा, नाहीतर पुढच्या शुक्रवारी येऊ नका!' आमच्या आईची जात. रश्शात खोबऱ्याचं दूध घातलं तर मी हिच्याकडे राहायलाच येईन.

बंदराचा रुमानी, मोरोक्कन बाई, धक्क्यावरचा बडीशेपेच्या दारूचा अराकवाला, रँचवरची पत्र्याची शेड — या गावात मी तोंड घातलं नाही अशी जागा नाही. इस्राएल म्हणाला, 'एक आहे.' मी मासा खात राहिलो.

१९ नोव्हेंबर

वाळूचा वारा. रेस नाही. घरी भात.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज इस्राएल जिंकला. तीन वर्षांत पहिल्यांदा! मला आनंद झाला — खरंच झाला, त्याला मिठी मारली. म्हटलं, बोल राजा, कुठे?

म्हणाला, 'मी.'

'तू काय?'

'लिओरच्या इथे. तिथे जेवायचं.'

मला आधी चेष्टाच वाटली. मग त्याचं तोंड बघितलं. म्हटलं, दुसरं बोल. म्हणाला, 'कायदा तुझाच आहे. नाही म्हणायचं नाही.' म्हटलं, आज शुक्रवार आहे. तर म्हणे, 'अरे अर्धा तास बसू. शब्बाथच्या आत उठू. आणि तुला माहीत नाही, तो आता—'

मी म्हटलं, पुढे एक शब्द बोलू नकोस. त्याचं नाव काढू नकोस. आणखी बरंच बोललो. तुला मूलबाळ नाही, तुला काय कळणार, असंही बोललो.

इस्राएलनं टोपी घातली. 'जॉशुआ, तुला घोड्याचे गुडघे दिसतात. बाकी काही दिसत नाही.' आणि बसला चढला. बसमध्ये जागा होती, माझ्याकडे बघून बसता आलं असतं. पाठ करून बसला.

जीभ आहे की काय आहे माझी!

२८ नोव्हेंबर

फोन नाही. मीही केला नाही.

५ डिसेंबर, रविवार. हनुक्का, दिव्यांचा सण

हे नीट लिहायला पाहिजे.

आज नेता घरी होती, लिओरची मुलगी. आजीनं दिवे लावायला आणली. मी पाव आणायला गेलो आणि किल्ली घरीच विसरलो. दार ठोठावलं.

आतून तिचा आवाज, हिब्रूत — 'मी?' कोण?

मी नेहमीसारखा मराठीत — 'मी.'

आत खुसखुस. परत, 'मी?'

'अगं मी!'

'मी?'

'मी, मी! उघड, पाव थंड होतोय!'

ती हसून हसून दारावर आपटली असावी, दार हाललं. मग हिब्रूत ओरडली, 'आजी! आजोबांना आबाचा खेळ येतो!' आबा म्हणजे तिचा बाप, लिओर.

आत आलो. विचारलं, कसला खेळ? म्हणाली, आबा रोज दुकानातून आला की खेळतो. मी विचारते कोण, तो म्हणतो मी. तेच तर पाटीवर लिहिलंय ना! आबा म्हणतो, शब्द एकच, पण विचारायचो मी आणि उत्तर द्यायचे आजोबा.

पावाची पिशवी कुठे ठेवली आठवत नाही.

आठवलं मग सगळं. मी संध्याकाळी बंदरातून यायचो, फॉस्फेटच्या धुळीनं पांढरा झालेला. लिओर चार-पाच वर्षांचा, दाराआड उभा. युडिथनं शिकवलेलं — विचारल्याशिवाय उघडायचं नाही. तो विचारायचा, 'मी?' मी म्हणायचो, 'मी.' त्याला वाटायचं, आबाच उलट विचारतोय! परत 'मी?' परत 'मी.' चुलीपाशी युडिथ ओरडायची, 'उघड रे बाबा, पोळ्या गार झाल्या!' दिवसभर क्रेनवर जीव आंबलेला असायचा आणि त्या दारापाशी मी पोट धरून हसायचो. पुढे शाळेत गेला, मराठी सुटली. खेळही सुटला. त्याचा नाही, माझा सुटला.

युडिथकडे बघितलं. ती कढईत बघत होती. म्हटलं, तुला ठाऊक होतं?

'मला वाटलं, तुमचं तुम्हाला आठवेल.'

दोन वर्षं मी त्या पाटीला शिव्या दिल्या.

१० डिसेंबर, शुक्रवार

रेसला गेलो नाही. दाढी केली, पांढरा शर्ट घातला. युडिथनं विचारलं नाही कुठे, फक्त कॉलर सरळ केली.

गल्लीपर्यंत गेलो. आज त्याच्याच फुटपाथनं. लिओर शिडीवर उभा होता, पाठमोरा, दारावरचा बल्ब बदलत होता. डोक्यावर मागे टक्कल पडायला लागलंय. माझ्या पोराला टक्कल! मला ते कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार?

काय बोलणार होतो? पाच पावलांवरून हाक मारली असती, तर वळला असता. मी वळलो आणि धक्क्यावर अराकवाल्याकडे जाऊन बसलो. त्यानं विचारलं, आज एवढा नटून कुठे? म्हटलं, तुझ्याकडेच.

भित्रा! घोड्याला चाबूक मारता येतो, स्वतःला कोण मारणार.

१७ डिसेंबर

आज नाही झालं. पुढच्या शुक्रवारी नक्की.

२४ डिसेंबर, शुक्रवार

गेलो. सरळ गेलो, थांबलो नाही. शटर अर्धं खाली. बाहेर टेम्पो. टेम्पोत खुर्च्या चढवत कोण, तर इस्राएल! वरची पाटी नाही, नुसती दोन खिळ्यांची भोकं.

'काय चाललंय?'

'बंद केलं त्यानं.' त्यानं माझ्याकडे न बघता खुर्ची लावली. 'तो नाहीये इथे. फ्रिज घेऊन बेरशेबाला गेलाय, गिऱ्हाईक मिळालं.'

'बंद का?'

मग त्यानं खुर्ची खाली ठेवली. 'गेल्या साली रोश हशानापासून तो शुक्रवारी चारला शटर ओढतो. शनिवारी उघडतच नाही. या गावात माणसं येतात कधी, जॉशुआ? शुक्रवार-शनिवार! रेस सुटली की सगळी गल्ली भरते आणि हा फडकं मारून दार लावतो. असा बार चालतो का? वर्षभर ओढला, हेच खूप.'

मी म्हटलं, रोश हशानापासून, आपल्या नव्या वर्षापासून? गेल्या साली?

'त्या दिवशी तेच सांगत होतो. तू सांगू दिलंस?'

शटरला धरून उभा राहिलो. आत बघितलं. बार लाकडाचा, साधा, चांगला केलेला. कोपऱ्यात दोघांपुरतं एक टेबल अजून होतं. इस्राएल म्हणाला, ते त्यानं शेवटपर्यंत कुणाला दिलं नाही, शुक्रवारी दुपारी तर नाहीच. मी विचारलं नाही कुणासाठी.

माझी अट पाळली त्यानं. पाळून बुडाला. आणि मी समोरच्या फुटपाथनं ताठ मानेनं जात होतो, रुमान्याचे कबाब खाऊन ढेकर देत!

इस्राएलला म्हटलं, त्या दिवशी मी फार वाईट बोललो. तो म्हणाला, 'ती बाजू धर.' टेबलाची एक बाजू मी धरली, एक त्यानं.

२६ डिसेंबर, रविवार

युडिथशी भांडलो. भांडलो कसला, मी ओरडलो आणि ती तांदूळ निवडत राहिली. म्हटलं, बाकी जाऊ दे, शनिवारी बंद ठेवतो एवढं तरी सांगायचंस!

'त्यानंच शपथ घातली होती. म्हणाला, आबाला सांगू नको, यायचा असेल तर येईल आणि बघेल. आणि मी विषय काढला की तुम्ही टीव्ही मोठा करत होतात.'

करत होतो. खरं आहे.

दोघंही एकाच घाण्याचे बैल, म्हणाली. एक इकडून ओढतो, एक तिकडून, आणि तेल माझं निघतं. मग रडली. इतक्या वर्षांत मी तिला तांदूळ निवडताना रडताना बघितलं नव्हतं.

थोड्या वेळानं विचारलं, ते पॅटिस आहेत का एखाद-दुसरे?

'आता कुठले?'

एलातमधल्या सगळ्या जागी जेवलो. पोराचं सोडून. आता कुणी विचारलं, लिओरच्या हाताला चव कशी, तर मी काय सांगू? तो डबा मीच खाल्ला होता, त्या रात्री. फ्रिजपाशी उभा राहून, गार, सगळे. पण ते चोरून खाणं झालं. त्याच्या समोर बसून, 'आणखी एक दे रे' म्हणणं वेगळं.

२८ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी लिओरच्या घरी गेलो. एकटाच. जिन्यात बारची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली, पालथी. दार ठोठावलं. आतून त्याचाच आवाज, दमलेला — 'मी?'

म्हटलं, 'मी.'

आत पावलं दारापाशी आली. मग परत, हळू — 'मी?' वाटलं, संपलं. ओळखलं तरी उघडत नाही. तरी म्हटलं, 'मी.'

परत — 'मी?' या वेळी आवाज हलला होता. खेळत होता, गाढव! बत्तीस वर्षांचं घोडं! मी दाराला कपाळ टेकवलं आणि म्हटलं, 'मी.'

आतून मराठीत — 'थांब, आबा, अजून एकदा. पोळ्या गार होऊ देत.'