उद्घाटन न झालेल्या शेडची वाटणी

मी, महादेवी भ्रतार विश्वेश्वर मिटकरी, वय अडुसष्ट, धंदा लोखंडी सामानाचे दुकान, राहणार किल्ले धारूर, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी म्हणाले, बाजाराचा वार आहे, दुकान उघडे टाकून आले आहे, लवकर लिहा. त्यांनी लगेच लिहिले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. राग आहे, पण रागात लिहिलेले मृत्युपत्र कायद्याला चालते, हे मी वकिलांना विचारून घेतले आहे.

वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात सगळीकडे ‘सदरहू मिळकत’ एवढेच होते. माझ्या शेडचा सगळा इतिहास त्यांनी दीड ओळीत उरकला. म्हणून तो बाजूला ठेवून मीच लिहायला बसले.

कलम पहिले. राहते घर आणि दुकान माझा मुलगा मृत्युंजय याला. गच्चीवरच्या खोलीवर त्याने डिश अँटेना बसवला, तेव्हापासून तिथला पत्रा गळतो. लोखंडी पत्रे विकणाऱ्याच्या घरात पत्रा गळतो हे गिऱ्हाइकांना दिसते. तो त्याने आधी बदलावा. दुकानाच्या जागी एसटीडी बूथ टाकायचे त्याच्या मनात आहे. माझ्यामागे त्याची मर्जी.

कलम दुसरे. पाटल्या आणि गळ्यातले सूनबाई रुद्राणीला. तिने माझी आजारपणे काढली, आणि माझ्या आजारपणात माझ्याशी बोलणे सोपे नसते.

कलम तिसरे. दुकानाच्या शेजारची रस्त्याकडची पत्र्याची शेड. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल.

ही शेड म्हणजे आमचे लोखंडाचे गोदाम होते. एकोणनव्वद साली अकरावी-बारावीच्या पोरांना हाताचे काम शिकवण्याची सरकारी योजना आली. आपल्या गावातल्या शिक्षण संस्थेला मोटार रिवाइंडिंगचा वर्ग मंजूर झाला, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार भरून ती चालू करण्याचे शिक्षण. मंजुरी आली, पण जागा नव्हती. संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव माझ्याकडे आले. म्हणाले, “वहिनी, गावाच्या पोरांचं काम हाय. न्हाई म्हनू नका.” मी नाही म्हणाले नाही. विहिरीवरची मोटार जळाली की आमचे गिऱ्हाईक ती एसटीच्या टपावर टाकून अंबाजोगाईला नेत होते आणि तिकडेच हेलपाटे घालत होते. गावातच पोरे तयार झाली तर बरेच, असा माझा साधा हिशेब. भाडे घेतले नाही.

ट्रकमधून यंत्रे आली. तार गुंडाळायचे यंत्र, तपासणीचा बोर्ड, शिकण्यासाठी मोटारी. सुंदररावांनी सगळ्यावर ताडपत्री टाकली आणि शेडच्या दारावर लाल फीत बांधली. मंत्री येऊन फीत कापतील, मग यंत्रे चालू होतील. तोवर कोणी हात लावायचा नाही.

मंत्री आले नाहीत. पहिल्या साली निवडणुकीची आचारसंहिता आडवी आली. मग त्या मंत्र्यांचे खाते गेले. नव्या मंत्र्यांचे आणि सुंदररावांचे जमत नव्हते. जमले तेव्हा घाटात त्यांची गाडी बिघडली आणि ते तिथूनच परत फिरले. संगमरवरी पाटी मात्र आधीच करून आणली होती. ‘यांच्या शुभहस्ते’ कोरलेले आणि त्याच्या वर नावाला जागा मोकळी.

आणि वर्ग? वर्ग भरत होता! पोरे दारावरच्या फितीखालून वाकून आत जायची, ताडपत्रीसमोर बसायची आणि यंत्राच्या भागांची नावे वहीत उतरवायची. फीत उन्हाने विटली की संस्थेचा शिपाई नवी बांधून जायचा. खंडेनवमीला ताडपत्रीवरूनच हळदकुंकू वाहायचे. मी दुकानातून हे बघायचे आणि माझे डोके फिरायचे.

शिकवायला धर्मराज नावाचे निदेशक होते. भला माणूस. एकदा त्यांनी माझ्यादेखत सुंदररावांना विचारले, “साहेब, कावून थांबायचं? पोरं शिकायला आलीत.”

सुंदरराव म्हणाले, “धर्मराज, तुमची नेमणुकीची ऑर्डर दरसाल निघती. पुढच्या साली पायजे का न्हाई?”

 दुसऱ्या दिवसापासून धर्मराजांनी पोरांना लाटण्यावर सुतळी गुंडाळून वेटोळी शिकवायला सुरुवात केली. त्यात माझी दोन लाटणी गेली ती आजतागायत आली नाहीत.

याच वर्गात माझी नात शिवांजली, मृत्युंजयची मुलगी. वर्गात एकटीच मुलगी. मृत्युंजयचा विरोध होता, मी भांडून घातले. परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी ताडपत्री बघितली, फीत बघितली. संस्थेने त्यांना शाल-श्रीफळ दिले. सगळी पोरे पहिल्या वर्गात पास झाली.

तो कागद घेऊन शिवांजली बीडला एका रिवाइंडिंगच्या दुकानात काम मागायला गेली, मी सोबत होते. मालकाने कागद वाचला आणि एक मोटार पुढे सरकवली. “खोल बरं, ताई.” तिला सगळ्या भागांची नावे येत होती. पाना कुठे लावायचा ते येत नव्हते. मालक हसला नाही. म्हणाला, “कागद बरोबर हाय. हात कोरा हाय.”

परतीच्या एसटीत नेकनूर आल्यावर तिने तो कागद घडी करून पिशवीत टाकला. मग म्हणाली, “आज्जी, मला नापास कावून न्हाई केलं? आनखी एक साल तरी शिकले असते.”

मला त्या एसटीत रडू आले. असे रडू मला माझे यजमान गेले तेव्हा आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातली पत्रा कापायची कात्री घेतली आणि फीत कापली. ताडपत्र्या ओढून काढल्या. धर्मराज आधी घाबरले, मग बाह्या वर करून बसले. त्या आठवड्यात पोरांनी एक मोटार जाळली आणि एक चालू केली. शेडमधून पहिल्यांदा आवाज आला. सुंदरराव धावत आले.

“वहिनी, तुमी कोन फीत कापनाऱ्या? पाहुन्याच्या हातचं काम हाय ते!”

मी म्हणाले, “शेड माझी, कात्री माझी. पाहुना आला तर चहा पाजीन.”

संस्थेने ट्रॅक्टर आणून यंत्रे उचलली आणि हायस्कूलच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली. तिथे त्यांना पुन्हा फीत बांधली आहे. मी स्वतः जाऊन बघून आले. धर्मराजांची ऑर्डर निघाली नाही. ते आता बीडला खाजगी दुकानात मोटारी भरतात. शिवांजली दीड वर्ष त्यांच्या हाताखाली शिकली, रोज धारूरहून जाऊन-येऊन. आता तिचा हात कोरा नाही. मी तिला जुने यंत्र घेऊन दिले आहे. ते स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी पडले आहे, कारण शेडला मृत्युंजयने कुलूप घातले आहे. त्याला तिथे कॉम्प्युटर क्लासला भाड्याने गाळा काढायचा आहे. मुलीबद्दल विचारले की म्हणतो, “आई, तिचं लगीन ठरू दे. सासरचे हो म्हनले तर टाकू दुकान.” म्हणजे फीत कापायला आता सासरचे पाहुणे येणार!

तरी कलम तिसरे असे की, सदर शेड माझ्या पश्चात शिवांजलीला मिळावी. तिच्या लग्नाशी आणि सासरशी या शेडचा संबंध नाही.

कलम चौथे. दोन शब्द कोरलेली संगमरवरी पाटी यंत्रांबरोबर न्यायची संस्था विसरली. ती मी उलटी घालून धुण्याला वापरते. माझ्यामागे ती सुंदररावांना पोचवावी. नावाची जागा अजून मोकळी आहे.

कलम पाचवे. धर्मराजांना माझा टेबलफॅन. म्हणूनच त्यांची साक्षीदार म्हणून सही घेता आली नाही, ते कायद्यात बसत नाही म्हणतात.

कलम सहावे. माझी समाधी आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे. शोकसभा घेऊ नये.

इथवर लिहून मी सगळ्यांना बसवून वाचून दाखवले. मृत्युंजय तिसऱ्या कलमाला रागावेल असे वाटले होते. तो खुशीत हसला. म्हणाला, “बरं हाय की. तुझ्यामागं मिळंल तिला. आता काय घाई हाय?” कॉम्प्युटर क्लासवाल्याला तो उद्याच बोलावणार, हे मला त्याच्या तोंडावर दिसले.

शिवांजली माझ्या पायाशी बसली होती. म्हणाली, “आज्जी, तुमी लई जगा.” मनापासून म्हणाली. आणि तिची नजर गेली स्वयंपाकघरातल्या त्या यंत्राकडे.

माझा मुलगा माझ्या मरणापर्यंत मोकळा आणि ही पोर माझ्या मरणापर्यंत अडकलेली, असला कागद मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. पोरीने माझ्यासाठी देवाकडे आयुष्य मागायचे आणि स्वतःच्या कामासाठी मी कधी जाते ते बघायचे?

सबब कलम तिसरे मी रद्द करीत आहे. त्यावर आडवी रेघ मारून सही केली आहे. शेड या मृत्युपत्रात नाही. उद्या सकाळी रजिस्ट्रार कचेरीत शिवांजलीच्या नावे बक्षीसपत्र होईल, वकिलांना निरोप गेला आहे. मृत्युंजयचे कुलूप आपल्याच दुकानातले आहे आणि दुकानातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी चावी माझ्याकडे असते. ती मी शिवांजलीच्या हातात दिली. ती यंत्राचे एक टोक धरून उभी राहिली. मृत्युंजय बघत बसला होता. मी त्याला म्हणाले, “दुसरं टोक धर.” त्याने धरले.

बाकीच्या कलमांना माझ्या मरणापर्यंत थांबायला हरकत नाही.

साक्षीदार:
१. वैजिनाथ शिवलिंग शेटे, टेलर, समोरचे दुकान (सही)
२. भामाबाई किसन तिडके, निवृत्त नर्स (सही)

लिहून ठेवणार: महादेवी भ्रतार विश्वेश्वर मिटकरी (सही)
ठिकाण: किल्ले धारूर
तारीख: १४ नोव्हेंबर १९९६. सह्या दुकानाच्या पायरीवर झाल्या, कारण घरातले सगळे शेडमध्ये होते.