वास येतो का?

१० नोव्हेंबर, सोमवार

एवढंच विचारणार आहेत — वास येतो का?

आरोग्य खात्याचे साहेब पुढच्या आठवड्यात गोठा बघायला येणार. तक्रार समोरच्या नव्या अपार्टमेंटमधल्या लोकांची. पण गोठ्याला सगळ्यात जवळचं घर आमचं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की केरबा आणि तानाबाई या नवराबायकोच्या म्हशी. मध्ये फक्त गटार आणि एक बुटकी भिंत. त्यामुळे विचारणार मला.

पृथ्वीराज म्हणाला, "अडचण काय आहे? येतोच की वास." आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

अडचण या माझ्या नवऱ्यानेच घरात आणली आहे. परवा बिल्डर विजयसिंह त्याला भेटले. गोठा हलला तर तिथे इमारत होणार, आणि शेजारी म्हणून पहिलं बुकिंग आमचं, कमी दरात. पेठेत आम्हाला परवडेल असं दुसरं काही उरलेलं नाही. घरमालकांनी मेअखेर जागा सोडायला सांगितली आहे. त्यांनाही बांधायचंच आहे.

मग साहेबांना मी देणार ते उत्तर असेल की बुकिंग?

११ नोव्हेंबर

सकाळी फोडणी देताना वास आला. शेणाचा, स्पष्ट. इतकी वर्षं याच खिडकीशी उभी राहते. आधी येत होता? आठवत नाही. आज आला, की मी घेतला?

१३ नोव्हेंबर

स्टाफरूममध्ये नाव न घेता विषय काढला. सगळ्यांना लगेच कळलं कुणाबद्दल आहे ते.

तेजस्वी अर्थशास्त्र शिकवते. नोकरीला पाच वर्षं झाली तरी भावाच्या घरात हॉलमध्ये झोपते. म्हणाली, "मॅडम, म्हशींना भर पेठेत वन बीएचके, आणि आपण पाचगावच्या पुढं. हा कुठला न्याय?" सगळे हसले, मीही. पण तिचं चुकतंय कुठे? गोठ्याएवढ्या जागेत वीस कुटुंबं मावतील. घरंच वाढली नाहीत तर दर उतरणार कसे?

राजवर्धन सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "समोरचं अपार्टमेंट झालं तेव्हा उतरले काय? उतरले असतील तर सांगा, मीपण एक घेतो." तेही खरं. तिथले निम्मे फ्लॅट बाहेरच्यांनी घेऊन कुलूप लावून ठेवलेत. दिवाळीत त्या खिडक्यांत एक आकाशकंदील नव्हता.

तिचं पटलं. त्यांचंही पटलं. तास सुरू झाला म्हणून सुटले. मला स्वतःचं मत आहे की नाही?

१४ नोव्हेंबर

तीन दिवस पिशवीचं दूध आणत होते, तानाबाईंना टाळायला. आज गेले.

संध्याकाळी तिकटीवरच्या, तीन रस्ते मिळतात तिथल्या, कट्ट्याला त्या दोन म्हशी बांधतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, पेला भरायचा. समोरच्या अपार्टमेंटमधले ते ट्रॅकसूटवाले गृहस्थ — तक्रारीत पुढे तेच — पेला संपवून मिशीवरचा फेस पुसत होते.

"पावणं, दूध ग्वाड हाय न्हवं?" तानाबाई धार काढता काढताच म्हणाल्या. "म्हशीला लई वास मारतोय म्हनं."

"तसं नव्हे हो मावशी, जरा स्वच्छतेच्या दृष्टीनं..."

"आनि एक घ्या की. वासाचं येगळं पैसं लावत न्हाई मी."

कट्ट्यावरची माणसं खदाखदा हसली. गृहस्थांनी खरंच आणखी एक पेला घेतला.

माझ्याकडे वळल्यावर तानाबाईंचा आवाज खाली आला. "बाई, तुमास्नी इचारनार हायत."

"हो."

"काय सांगनार?"

"माहीत नाही, मावशी."

"माहीत न्हाई? नाक तर तुमचंच हाय न्हवं?" मग माझ्या पातेल्यात जास्तीची धार सोडली. "खरं असंल त्ये सांगा. तुमी खोटं बोलनाऱ्यातल्या न्हाई, एवढं मला ठावं हाय."

घरी येईपर्यंत आठवत राहिले — जास्तीची धार रोजच असते की आजच होती? हा विचार डोक्यात आला याचीच लाज वाटली. तरी तो गेला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

जोतिबाला जाऊन आले. पृथ्वीराजला दर्शनाचं सांगितलं. खरं कारण नाक. दिवसभर डोंगरावरच्या वाऱ्यात काढायचा आणि परक्या माणसासारखं गल्लीत शिरायचं, असं ठरवलं होतं. लिहितानाही वेडेपणा वाटतोय.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबले आणि हळूहळू चालत आले. पहिल्यांदा गटार. मग कुणाच्या तरी घरची मासळी. माझ्याच पदराचा गुलाल. आणि मग आला — ओली वैरण, शेण, कोमट दूध. शंकाच नाही. येतो.

पण त्याच क्षणी मनात दुसरंही आलं — आलं घर.

आता हे साहेबांना कसं सांगायचं? सांगायचं तरी का?

१८ नोव्हेंबर

जेवताना वाद.

"खोटं बोल म्हणत नाही मी तुला," पृथ्वीराज म्हणाला. "येतो तर येतो म्हण. तूच जोतिबापर्यंत जाऊन खात्री करून आलीस." (नणंदेने, अक्षताने, सांगितलं त्याला. तिला मीच बोलले होते.)

"आणि केरबा? तानाबाई?"

"त्यांच्याकडं जागा आहे. कोट्यवधीची. आपल्याकडं काय आहे? आपल्याला बाहेर काढताना कुणी कुणाला विचारलं, त्रास होईल का म्हणून?"

त्याचं बरोबर आहे. मी खरंच बोलणार आहे. मग त्या खऱ्यात आपला फायदा आहे एवढ्यावरून ते खोट्यासारखं का वाटतं? आणि फायदा नको म्हणून "येत नाही" म्हणाले, तर तो चांगुलपणा की नुसतं मिरवणं?

१९ नोव्हेंबर

साहेब आले. सर्दीने बेजार, नाक लालभडक. केरबांनी पहाटेच फिनेल ओतून गोठा धुतला होता.

"मला आज काहीच कळत नाही, मॅडम," रुमालातून म्हणाले. "तुम्हीच सांगा. वास येतो का?"

भिंतीपलीकडे केरबा टोपी हातात धरून उभे होते. तानाबाई दिसत नव्हत्या. शेणाची पाटी उचलल्याचा आवाज आला.

मी म्हणाले, "येतो. पण मला त्रास होत नाही."

साहेबांनी फॉर्मवर लिहिलं — येतो.

"आणि त्रास होत नाही, ते?"

"त्याला इथं जागा नाही हो," म्हणाले, आणि शिंकले.

२ डिसेंबर

गोठा हलवायचा आदेश आला.

केरबा कट्ट्यावर सगळ्यांना सांगत होते, "म्हशी उचगावला, जागा विजयसिंहास्नी. रिकामी ठेवून काय करू तिथं, हळदीकुंकू?" माणसं हसली. तानाबाई हसल्या नाहीत. माझं पातेलं भरून दिलं. जास्तीची धार होती.

पृथ्वीराजने पेढे आणले. मी खाल्ला. चांगला होता.

१७ जानेवारी

विजयसिंहांच्या ऑफिसात गेलो. चहा आला, नकाशा आला, मग दर आला.

"जागा मोकळी झाली आणि मार्केटच बदललं, दादा. माझ्या हातात काय राहिलंय? शेजारी म्हणून तुम्हाला यातूनही थोडं कमी करतो की."

थोडं कमी करूनही आमच्या आवाक्याच्या कितीतरी बाहेर. पृथ्वीराजने नकाशाची घडी पुन्हा पुन्हा नीट केली. येताना पाचगावला भाड्याची एक जागा बघितली. मोकळी हवा. कसलाच वास नाही.

तेजस्वीला कसं सांगू, की घरं वाढणार, आणि दरही?

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी तानाबाई आल्या. इमारत होईपर्यंत बिल्डरने दोघांना समोरच्याच अपार्टमेंटमध्ये ठेवलं आहे. पहाटे वडापच्या जीपने उचगावला जातात, धारा काढून परत येतात. पाणी दिलं. प्यायल्या नाहीत. दारातच उभ्या.

"लिफ्टमधी मानसं भिताडाकडं त्वांड करून हुभी ऱ्हात्यात, बाई. तुमी खरं सांगता म्हनून आले. बगा जरा. माझ्या अंगाला वास येतोय काय?"

मी जवळ गेले. ओली वैरण, शेण, कोमट दूध.

"नाही, मावशी," म्हणाले.



"न्हाई व्हय," म्हणाल्या. "मग तवा कशाचा येत हुता?"